चूल तिथेच, तवा पुढे

देहूरोड स्टेशनाबाहेर कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच. तिथल्या ढिगातून खडीचा एक तुकडा उचला. लिंबाएवढा पुरे. काळसर, हाताला जड, नुकत्याच फुटलेल्या बाजूला बारीक चमचमणारा. कडेवरून बोट जपून फिरवा, कापेल. हा दगड आपल्या इतक्या सवयीचा आहे की आपण त्याच्याकडे कधी बघतच नाही. रुळांखाली तोच, रस्त्यात तोच, घराच्या जोत्यात तोच, किल्ल्याच्या बुरुजात तोच, आजीच्या पाट्यावरवंट्यात तोच.

आता मॉरिशसमधल्या उसाच्या शेतातून असाच एक तुकडा आणून त्याच्या शेजारी ठेवला, तर साध्या डोळ्यांना कुठला कुठला हे ओळखता येणार नाही. दोन्ही ठिकाणांमध्ये साडेचार हजारांहून जास्त किलोमीटरचं अंतर, आणि त्यात बहुतेक सगळा समुद्र. तरी दगड सारखे. योगायोग म्हणाल, तर तसं नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हे दोन्ही दगड एकाच चुलीवर शिजलेत!

सुट्टी जवळ आली की घराघरांत विषय निघतो: मुलांना एखादं बेट दाखवू या, हिंडणंही होईल आणि चार गोष्टी शिकतीलही. मग अंदमान, लक्षद्वीप, मॉरिशस अशी नावं येतात. जरूर जा. माझं म्हणणं एवढंच की त्या सहलीचा पहिला मुक्काम विमानतळ नसावा, देहूरोडचा फलाट असावा. लोणावळा लोकल पकडायची. पुढचं स्टेशन बेगडेवाडी, त्यापुढचं घोरावाडी. इथेच घोरवडेश्वराचा डोंगर आहे. बेट समजून घ्यायचं असेल तर आधी हा डोंगर चढा.

पायथ्याला क्षणभर थांबून वर बघा, सकाळचं तिरपं ऊन असेल तर फारच छान. डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात. उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कुणी अवाढव्य पायऱ्या रचून ठेवाव्यात तसं. सह्याद्रीतला जवळजवळ प्रत्येक डोंगर असाच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. युरोपातल्या अभ्यासकांनी या दगडाला ‘ट्रॅप’ म्हटलं ते यावरूनच, कारण स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. आणि या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे काय? लाव्ह्याचे लोंढे! एक लोंढा आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा आला. मग तिसरा. आपण चढतो तेव्हा खरं तर एकेका उद्रेकावर पाय ठेवत वर जात असतो.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोकदार डोंगर येतो, वरून धूर, आतून आग. मग महाराष्ट्रात तसला एकही सुळका का नाही? कारण इथली तऱ्हाच निराळी होती. इथे एका तोंडातून आग उसळली नाही, तर जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर येऊन पसरत गेला. तव्यावर घावनाचं पातळ पीठ ओतलं की ते जसं आपसूक कडेपर्यंत धावतं, तसा. किती लांब धावला असेल? आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळ, गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात, आपल्याच सह्याद्रीतल्या लाव्ह्याचे थर सापडले आहेत. सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास! पृथ्वीवर इतका लांब वाहत गेलेला लाव्हा दुसरीकडे कुठे ठाऊक नाही.

घावनाची उपमा आणखी पुढे नेता येते. घावनाला वरच्या बाजूने जाळी पडते ना? लाव्ह्यालाही पडते. त्यात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन वर चढतो आणि वरचा थर निवताना तिथेच अडकतो. म्हणून प्रत्येक लोंढ्याचा माथा भोकाभोकांचा, ठिसूळ, आणि मधला भाग भरीव, एकजीव. घोरवडेश्वरला जाताना पायवाटेच्या कडेला दोन्ही दिसतात. भोकाभोकांचा दगड हातात घेतलात तर आत पांढरे दाणे दिसतील. लाव्हा थंड झाल्यावर कितीतरी काळाने त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि त्याचे स्फटिक झाले. पुण्याच्या पलीकडे वाघोलीच्या दगडखाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचा मोरपंखी निळा स्फटिक सापडतो. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे उत्तम नमुने असतात ते वाघोलीचे. खडीच्या खाणीत असा निळा रंग!

आणि मधला भरीव भाग? तो लेणी कोरणाऱ्यांनी बरोबर हेरला. घोरवडेश्वरची लेणी मुळातली बौद्ध, यांनाच शेलारवाडीची लेणी म्हणतात. पुढे तिथे शंकराची पिंड आली, महाशिवरात्रीला जत्रा भरू लागली. तुकोबा देहूहून इथे चिंतनाला येत असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. इथल्या ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोचं नाव आहे: सियगुतणिका. नवऱ्याचं नाव उसभणक. मुलगा नंद याच्यासह तिने हे लेणं दान दिलं. राणी नाही, सावकारीण नाही, नांगर धरणाऱ्याची घरधनीण. तिचं नाव आजवर टिकलं ते या दगडामुळे. भुसभुशीत वाळूच्या दगडात इतकी शतकं पाऊस खाऊन ते केव्हाच पुसलं गेलं असतं. इथून पुढे लोकलने मळवलीपर्यंत गेलात तर कार्ले आणि भाजे आहेत. कार्ल्याचा चैत्य भारतातला सगळ्यात मोठा, एकाच कातळात आत आत खोदत गेलेला. घरात भिंतीला खिळा ठोकताना आपली तारांबळ होते, म्हणून कार्ल्याच्या खांबांपुढे माझे पाय थबकतात.

खंडाळ्याच्या घाटातून जाताना मुलांना आणखी एक गोष्ट शोधायला लावा. काळ्या कातळात मधूनच विटकरी लाल रंगाचा आडवा पट्टा दिसतो, कुठे हातभर, कुठे पुरुषभर. दोन लोंढ्यांच्या मधला हा पट्टा म्हणजे सुट्टीचा काळ. एक उद्रेक संपला, दगड निवला, पावसापाण्याने त्याची माती झाली. मग पुढचा लोंढा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. म्हणजे विटाच की! त्या मधल्या काळात तळी साठली, जीव परतले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर एकोणिसाव्या शतकात खोदकामात दोन थरांच्या मधल्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. खाली थिजलेली आग, वर येऊ घातलेली आग, आणि मधल्या तळ्यात डराव डराव करणारे बेडूक.

हे सगळं घडलं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. माणसाच्या हिशेबात फार, पृथ्वीच्या हिशेबात डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ. आज उरलेला कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. मूळचा लाव्हा दहा लाख घनकिलोमीटर तरी असावा असा अंदाज करतात. आजच्या महाराष्ट्राच्या अख्ख्या नकाशावर तो सारखा थापला, तर थराची उंची तीन किलोमीटरवर जाईल, कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. जगातले अभ्यासक या थरांना ज्या नावांनी ओळखतात ती ऐकून मावळातल्या माणसाला भरून येईल. एका गटाचं नाव आहे ‘लोणावळा’ आणि त्यातल्या एका थराचं ‘खंडाळा’. अमेरिकेतल्या विद्यापीठात बसलेला संशोधक आपल्या लेखात खंडाळा लिहितो, तो याच अर्थाने.

आता मुख्य प्रश्न. हा लाव्हा ओतला गेला तेव्हा देहूरोड कुठे होतं?

इथेच होतं, असं आपण सहज म्हणू. दगड मात्र वेगळं सांगतो, आणि त्याची साक्ष खोटी ठरवता येत नाही. लाव्ह्यात लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात. दगड पुरेसा निवला की या कणांमधलं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने जुळतं आणि त्याच दिशेत कायमचं गोठतं. प्रत्येक कण म्हणजे होकायंत्राची थिजलेली सुई. आता होकायंत्राची सुई नुसती उत्तरेकडे बघत नाही, ती वरखाली कलतेही. विषुववृत्तावर ती आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी जास्त जास्त कलते. म्हणजे गोठलेली सुई किती कलली आहे हे मोजलं की दगड जन्मला तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता ते कळतं! १९५० च्या दशकात केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी भारतातले दगड मागवून हे मोजलं. उत्तर आलं ते असं: दख्खनचा कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेला जन्मला आहे. खंड सरकतात या कल्पनेला तेव्हा बरेच विद्वान हसत होते. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पहिल्या भक्कम पुराव्यांत आपला काळा पाषाण होता. याच थरांच्या मोठ्या भागात सुईची दिशा आजच्या बरोबर उलटी सापडते, कारण त्या काळी पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण चुंबकीय ध्रुव अदलाबदल करून बसले होते. हीही नोंद दगडाने ठेवली.

भारत दक्षिणेत होता, आणि तो कशालाही जोडलेला नव्हता. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला आणि एकटा उत्तरेकडे निघाला. लाव्हा ओतला जात होता तेव्हा आशियाला धडकायला अजून दीड कोटी वर्षं होती, हिमालयाचा पत्ता नव्हता. चहूबाजूंनी समुद्र, मध्ये भूमी. याला आपण काय म्हणतो? बेट! घोरवडेश्वरचा दगड बेटावर जन्मला. तुम्ही बेटाच्या सहलीला निघालात आणि लोकलमधून उतरताच बेटावर पाय ठेवलात.

हे बेट चालत होतं केवढ्या वेगाने? वर्षाला १५ ते १८ सेंटिमीटर, वीतभराला थोडं कमी. खंडांच्या जगात ही चाल घोडदौडच म्हणायची. आजही भारत पुढे सरकतो आहे, पण सुमारे पाच सेंटिमीटरने, आपली नखं वाढतात जवळपास त्याच गतीने.

चालत्या बेटावर सजीवही होते, आणि त्यांच्या वंशजांपैकी एक आपल्या अगदी शेजारी राहतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या ओल्या मातीत, दगडाखाली, गांडुळासारखा एक प्राणी सापडतो. वळ्यावळ्यांचं अंग, हातपाय नाहीत, रंग मातकट. कुणालाही गांडूळच वाटावं. पण त्याला कणा आहे. जबडा आहे. जबड्यात दात आहेत! मराठीत याला देवगांडूळ म्हणतात, आणि तो बेडकाच्या नात्यातला, म्हणजे उभयचर आहे. इंडोटिफ्लस बॅटर्सबाय हे त्याचं शास्त्रीय नाव. एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये जगाला त्याची ओळख करून दिली, आणि ज्या नमुन्यावरून दिली तो खंडाळ्याचाच होता.

या देवगांडुळाचे जवळचे भाऊबंद कुठे असावेत? थेट सेशेल्सच्या बेटांवर, हिंदी महासागरात. एकाच कुळातले जीव, मध्ये अथांग खारं पाणी. उभयचरांची कातडी इतकी नाजूक असते की खारट पाण्यात अंगातलं पाणी शोषलं जाऊन ते मरतात. मग यांनी समुद्र कसा ओलांडला? ओलांडलाच नाही. सेशेल्स हा भारताचाच तुकडा. दख्खनच्या उद्रेकानंतर लवकरच, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, तो तुटून मागे राहिला. प्राणी जिथल्या तिथे होते, जमीन दुभंगली. गावाची वाटणी झाली आणि भावकी दोन्हीकडे राहिली.

आता चुलीकडे वळू या. भूपट्ट सरकतात, म्हणजे आपण ज्या कवचावर उभे आहोत ते तव्यासारखं हलतं. पण पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणं अशी आहेत, जिथून तापलेला खडक धारेसारखा वर चढत राहतो, बहुधा गाभ्याच्या सीमेवरून, म्हणजे २,९०० किलोमीटर खोलीवरून. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. तो तव्याबरोबर फारसा हलत नाही. चूल तिथेच, तवा पुढे! चुलीवरून तवा हळूहळू सरकवत नेला तर काय होईल? तव्यावर डागांची रांग उमटेल. सगळ्यात जुना डाग चुलीपासून सगळ्यात लांब, ताजा डाग बरोबर चुलीवर.

आपल्या चुलीचं आजचं ठिकाण रियुनियन बेटाखाली आहे. देहूरोडपासून जवळपास पाच हजार किलोमीटर नैर्ऋत्येला. भारत तिच्यावरून जात होता तेव्हा पहिला आणि सगळ्यात मोठा डाग पडला, तो म्हणजे आपला दख्खन. मोठा का? वर येणाऱ्या तप्त खडकाचं डोकं फुग्यासारखं मोठं आणि मागे शेपूट दोऱ्यासारखं बारीक असतं, असं मानतात. आपल्या वाट्याला डोकं आलं. पुढे सगळा कारभार दोऱ्यावर चालला.

नकाशा काढा आणि बोट मुंबईच्या खाली समुद्रात ठेवा. दक्षिणेकडे सरकत जा. लक्षद्वीप. मग मालदीव. मग चागोस. ही बेटं विखुरलेली दिसतात, पण पाण्याखाली एकच डोंगररांग आहे, सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब, आणि बेटं म्हणजे तिच्यावरची शिखरं. ही रांग त्या सरकत्या तव्यावरचे डाग असेल तर दक्षिणेकडे जाताना दगडाचं वय कमी कमी होत जायला हवं. तपासायचं कसं? १९८७ मध्ये जॉइडीस रेझोल्युशन हे खोदकामाचं जहाज या समुद्रात आलं आणि त्याने तळाला छिद्रं पाडून दगड वर काढले. मालदीवजवळच्या दगडाचं वय सुमारे ५.७ कोटी वर्षं. चागोसजवळचं ४.९ कोटी. त्याही पलीकडे, मॉरिशसच्या उत्तरेला, ३.३ कोटी. मॉरिशसचा सगळ्यात जुना दगड ८० ते ९० लाख वर्षांचा. समुद्रावर डोकं काढलेलं रियुनियन सुमारे २० लाख वर्षांचं. आणि आज? रियुनियनचा ज्वालामुखी पेटता आहे! ६.६, ५.७, ४.९, ३.३ आणि पुढे थेट आजपर्यंत. मुलांना हे आकडे नकाशावर पेन्सिलीने लिहायला सांगा. भूगोलाचा तास असा व्हावा.

चाणाक्ष वाचकाच्या मनात एक शंका येईल. चागोस एकीकडे आणि मॉरिशस कितीतरी बाजूला, रांग अशी तुटली कशी? कारण मधल्या काळात चुलीवरचा तवाच बदलला. भारताच्या भूपट्टाची कड चुलीवरून निघून गेली आणि तिच्या मागोमाग आफ्रिकेचा भूपट्ट वर आला. दोघांच्या मधून समुद्रतळ फाटत, रुंदावत चालला आहे, म्हणून एकेकाळी शेजारी असलेले डाग आज दूर पडले. आफ्रिकेचा तवा फारच सावकाश सरकतो. म्हणून मॉरिशस आणि रियुनियन यांच्यात अंतर पुण्याहून कोल्हापूरइतकंच आहे.

लक्षद्वीपला गेलात तर एक गोष्ट मुलांना खटकायला हवी. ही बेटं ज्वालामुखीची म्हणता, मग काळा दगड कुठे? सगळीकडे पांढरी वाळू आणि प्रवाळ! याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ मध्येच दिलं होतं. चुलीवरून दूर गेलेला ज्वालामुखी थंड होतो, जड होतो, बुडू लागतो. त्याच्या काठाशी उथळ पाण्यात प्रवाळ वाढलेले असतात. त्यांना उजेड लागतो, म्हणून डोंगर जसा खाली जाईल तसे ते वर वर बांधत राहतात. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो, प्रवाळांचं कंकण तेवढं उरतं आणि मधोमध निळं सरोवर. ज्वालामुखी गेला, त्याची मेखला राहिली. मालदीवमध्ये खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे दोन किलोमीटर प्रवाळी चुनखडक पार केल्यावर खाली ज्वालामुखीचा दगड लागला. टाचणीच्या माथ्याएवढ्या जिवांनी दोन किलोमीटर उंचीचं बांधकाम केलं, तेही पायाखालची जमीन खचत असताना.

मॉरिशसचं तसं नाही. ते अजून मध्यम वयाचं आहे, बुडायला वेळ आहे. काळे कडे, धबधबे, विवरांतली तळी. भाविक ज्याला गंगा तलाव म्हणतात ते ग्रँड बेसिन म्हणजे निवलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. शामारेलला सात रंगांची माती दाखवतात, लाल, तपकिरी, जांभळी, निळसर, आणि पर्यटक तिकीट काढून बघतात. ती कशी झाली? आपल्या याच काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, उष्ण हवेचा आणि धो धो पावसाचा मारा झाला, विरघळण्याजोगं सगळं धुपून गेलं, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं. लोहाने लाली दिली. आपल्याकडे हाच खेळ होऊन पाचगणीच्या पठारावरचा आणि कोकणातला जांभा झाला. रत्नागिरीच्या चिऱ्याच्या खाणीत उभं राहिलेलं मूल शामारेलला गेलं तर लगेच ओळखेल.

आणि मॉरिशसमध्ये ओळखीची माणसंही भेटतील. १८३४ पासून ब्रिटिशांनी करारावर मजूर नेऊन तिथल्या उसाच्या मळ्यांत जुंपले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने गेलेली मराठी कुटुंबं होती. त्यांची पतवंडं आजही गणपती बसवतात, जाखडी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, जणू छोटे पिरॅमिड. जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी ते वेचायला हवेत. मजुरांनी हाताने एकेक उचलून हे ढीग रचले. सह्याद्रीच्या पायथ्याची माणसं समुद्रापार गेली, आणि तिथे ज्या दगडांनी त्यांची पाठ मोडली ते सह्याद्रीच्याच चुलीतले होते. त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर? त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

रियुनियनला फार कमी मराठी प्रवासी जातात, खरं तर सगळ्यात आधी तिथे जावं. ज्वालामुखीचं नाव पिटॉन द ला फुर्नेज, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर. जगातल्या सगळ्यात वरचेवर जागणाऱ्या ज्वालामुखींपैकी हा एक. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या तोंडाचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला आणि लाव्हा किनाऱ्याचा रस्ता ओलांडून समुद्रात शिरला. लोक थांबतात, दगड निवला की त्यावरून पुन्हा रस्ता करतात. तिथला लाव्हा थिजताना वरची साय सुरकुतून दोरखंडाच्या वळ्यांसारखी होते. अशाच वळ्या दख्खनच्या कातळात ठिकठिकाणी दिसतात. आपल्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वी काय चाललं होतं हे बघायचं तर इथे, लहान प्रमाणावर, डोळ्यांनी बघता येतं. पाऊसही सह्याद्रीला लाजवील असा. वारे समुद्रावरून येऊन उंच डोंगराला धडकतात आणि रिते होतात, अगदी आपल्या घाटमाथ्यासारखे. जानेवारी १९६६ मध्ये तिथल्या फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात अडीच वर्षांत पडतो तेवढा, एका दिवसात.

मला मात्र या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त मोहवते ती मॉरिशसच्या स्वयंपाकघरातली एक वस्तू. तिथे मसाला वाटायला काळ्या दगडाचा पाटा असतो. क्रिओल भाषेत त्याला ‘रोस कारी’ म्हणतात, करीच्या मसाल्याचा दगड. आणि वरवंट्याला? ‘बाबा’! म्हणजे तान्हं बाळ. आपल्याकडे बारशाला काय करतात ते आठवा. वरवंट्याला धुऊन पुसून, कुंची घालून, बाळ म्हणून पाळण्याखालून वरून फिरवतात, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणतात. दोन बेटं, एक चालून आशियाला जोडलं गेलेलं आणि एक अजून समुद्रात उभं. एकाच आगीचा दगड. आणि दोन्हीकडच्या बायकांनी त्या दगडात पाहिलं ते बाळ.

तुमच्या घरातही माळ्यावर किंवा मागच्या अंगणात एखादा जुना पाटा पडून असेल. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नसेल. तो काढा, धुवा, उन्हात ठेवा आणि मुलांना भिंग देऊन बसवा. रांगेत, सारख्या अंतरावर जे खड्डे दिसतील ते टाकीवाल्याने ठोकलेले आहेत. आणि त्यांच्यामध्ये एखादं गोल, रांग सोडून भलतीकडेच पडलेलं भोक दिसलं, आत पांढरा दाणा असलेलं, तर तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, एका बेटावर अडकलेला वायूचा बुडबुडा आहे.